साडेतीन फेऱ्यांचा बोर्ड

१ डिसेंबर २००२, रविवार

मंडळाचे अध्यक्ष बाळासाहेब सकाळी येऊन गेले. सव्वीस जानेवारीच्या कॅरम स्पर्धेत यंदा सोळा गावांची पोरे येणार आहेत. उपांत्य सामने एकाच वेळी दोन बोर्डांवर होणार, म्हणून दोन बोर्ड लागणार, आणि दोन्ही अगदी सारखे. एक चांगला आणि एक बरा असला तर बऱ्या बोर्डावर बसणारा भांडतो.

मागच्या वर्षी काय झाले ते मी विसरलो नाही आणि गावही विसरलेले नाही. अंतिम सामन्यात क्वीन घेताना माझ्या बोर्डावर स्ट्रायकर मधेच अडखळला. भर खेळात बोर्ड उचलून आळेफाट्याहून दुकानातला बोर्ड आणला गेला. माझ्या बोर्डावर मग चहाचे कप ठेवले. कोणीतरी म्हणाले, "गेणूभाऊ, आता त्याच्यावर कांदं वाळवा." मीही हसलो होतो.

आज मी बाळासाहेबांना सांगितले की दोन्ही बोर्ड मी देतो. ते म्हणाले, "एकोणीस जानेवारीला कमिटी घरी येऊन बघंल. पास झालं तर तुझं, न्हाई तर फाट्यावरनं आणू. राग धरू नको." राग कशाचा. मी सातवी शिकलेला माणूस, पण सुतारकीत कोणाचा शिष्य नाही. जे येते ते डोळ्याने आणि मोजपट्टीने शिकलो आहे.

४ डिसेंबर, बुधवार

दोन्ही बोर्डांचे लाकूडकाम झाले. चौकट बांधावरच्या बाभळीची, तीन वर्षे वाळवलेली. कर्ण मोजले. एका बोर्डात अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघाला, म्हणून एक कोपरा उसकटून पुन्हा बसवला. मागच्या बाजूला खडूने 'अ' आणि 'ब' लिहिले.

कसोटी अशी: स्ट्रायकर एका चौकटीपासून जोराने मारला की समोर आपटून परत यावा, पुन्हा जावा, अशा साडेतीन फेऱ्या व्हाव्यात. प्लाय आणि चौकट तेवढी देतात, हे कच्च्या लाकडावर बघून घेतले. अडते ते वरच्या लॅकरवर, म्हणजे पारदर्शक पॉलिशवर. ब्रशने लॅकर मारले की ब्रशच्या रेघा उठतात. बोटाला लागत नाहीत, स्ट्रायकरला लागतात. मागच्या वर्षी घात ब्रशनेच केला.

म्हणून यंदा फवारा. कोणता, ते ठरवायचे आहे.

८ डिसेंबर, रविवार

फवाऱ्याचे साधन घरात असताना बाहेर कशाला शोधायचे, असा विचार केला. द्राक्षबाग वीस गुंठे आहे आणि नळी पोचत नाही त्या कडेच्या वेलींसाठी पाठीवरचा पंप आहे. सोड्याने तीनदा धुतला. वास घेऊन बघितला, औषधाचा लेशही नव्हता. लॅकर पातळ करून भरले आणि एका जुन्या फळीवर मारले.

पहिले तीन हात फार सुरेख बसले. मग धार जाड झाली, मग गळू लागली, मग दांडा खालीच येईना. उघडला तर आतले रबरी वायसर थिनरने फुगून भज्यासारखे झाले होते. ही चूक माझी, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आमच्या मंडळींनी उद्या कडेच्या वेलींवर भुरीचे औषध मारायचे ठरवले होते. पंप हातात घेतला, दांडा हलवला, माझ्याकडे बघितले आणि शेजारच्या लंकाबाईकडे पंप मागायला गेली. बोलली असती तर बरे झाले असते.

१२ डिसेंबर, गुरुवार

नगर रस्त्यावर रखमाजीचे पंक्चरचे दुकान आहे. त्याने नवा कॉम्प्रेसर घेतला, जुना मागे पडून होता. तो महिनाभर वापरायला दिला, बदल्यात बसायला दोन स्टुले करून मागितली. स्प्रे गन फाट्यावरच्या गाड्या रंगवणाऱ्याकडून मिळाली. जड आहे, पण चालते.

रखमाजी म्हणाला, "राव, ह्या टाकीत हवा कमी आन् पाणी जास्त हाय." खरेच होते. पहिल्याच फवाऱ्यात लॅकरवर पाण्याचे टिपके पडले आणि भोवती पांढरी झाक आली. ट्यूबमध्ये पाणी गेले तर टायरला कळत नाही, बोर्डाला कळते.

त्यावर मी उपाय काढला. हवेच्या नळीचे सात वेढे पाण्याने भरलेल्या माठात बुडवले. गरम हवा थंड झाली की पाणी नळीतच सुटते. पुढे एक काचेची बाटली लावली, पाणी तिच्यात साठते. वीस मिनिटांत अर्धा कप साठले. हे मला कोणी शिकवलेले नाही.

माठ पिण्याचा होता. मंडळींनी दुसरा काढला.

१७ डिसेंबर, मंगळवार

हवा कोरडी झाली, तरी बोर्ड बिघडतोच आहे. 'अ'वर दोनदा आणि 'ब'वर एकदा मारून पॉलिश पेपरने पुन्हा खाली आणला. दोन तऱ्हेचे दोष दिसतात. मधे संत्र्याच्या सालीसारखे खड्डे, आणि कडेला, जिथे हात फिरवून परत आणतो तिथे, ओघळ.

खड्डे म्हणजे लॅकर जाड. म्हणून चहाच्या पेल्याला बुडाशी दोन मिलिमीटरचे भोक पाडून लॅकर किती सेकंदांत गळते ते मोजायला लागलो. अठ्ठावीस सेकंद होते, बावीसवर आणले. दाब चाळीस पौंड. अंतर वीतभर. ओघळाचे कारण मात्र सापडत नाही. बहुधा गनचे नॉझल एका बाजूला झिजलेले आहे.

मारत असताना ही दारात उभी होती. म्हणाली, "शेवटाला हात थांबतो तुमचा." मी समजावून सांगितले की हे बागेचे काम नाही, इथे मिलिमीटरचा हिशेब असतो. ती आत गेली.

२४ डिसेंबर, मंगळवार

'ब' चौथ्यांदा घासला. प्लायचा वरचा पापुद्रा किती उरला असेल त्याची काळजी वाटते. आणखी दोनदा घासला तर आतला थर दिसेल आणि बोर्ड संपला.

पुण्यात टर्बाइनची गन मिळते असे रंगवाला म्हणाला. तिला कॉम्प्रेसर लागत नाही, छोटा पंखा असतो, दाब अगदी कमी. हवा आपोआप कोरडी आणि कोमट. माझे सगळे दोष तिथे संपतात. शुक्रवारी जाऊन बघणार. मुक्काम बहिणीकडे.

२६ डिसेंबर, गुरुवार

पुण्याला जाण्याआधी 'अ'वर एक हात मारून ठेवला. मारता मारता वीज गेली, शेवटचा कोपरा टाकीत उरलेल्या हवेवर अंधुकात उरकला. बघायला वेळ नाही. पहाटेची एसटी आहे.

२९ डिसेंबर, रविवार

पुण्याचे आधी लिहितो. टर्बाइनची गन बघितली. दुकानदाराने दाराच्या तुकड्यावर मारून दाखवली. फवारा रेशमासारखा मऊ, हवेत उडतच नाही, जिथे पाहिजे तिथेच बसतो. मी अर्धा तास प्रश्न विचारले. तो म्हणाला की इतके तर त्याला कारखानेवालेही विचारत नाहीत. किंमत मात्र अशी आहे की म्हैस बाजारात न्यावी लागेल. दहा जानेवारीपर्यंत कळवतो म्हणालो.

आता खरे लिहायचे ते. घरी येऊन गोठ्यातल्या खोलीत गेलो, 'अ' बोर्डावर झाकलेले जुने धोतर काढले आणि तिथेच खाली बसलो.

बोर्ड आरसा झाला आहे. एक खड्डा नाही, एक ओघळ नाही. खिडकीच्या उजेडात तिरका धरून बघितला, मग भिंग लावून बघितला. ज्या कोपऱ्यात वीज गेली होती तोही तसाच. स्ट्रायकर मारला. साडेतीन.

कारण शोधले पाहिजे. माझा अंदाज असा की घाईमुळे हात हलका पडला आणि दोन दिवस थंडीत लॅकर सावकाश सुकल्याने आपोआप सपाट झाले. त्या दिवशीची सगळी मापे आहेतच: बावीस सेकंद, चाळीस पौंड, वीतभर. तीच 'ब'ला लावायची.

थिनर मात्र डब्यावरच्या खुणेपेक्षा साडेतीनशे मिलीने कमी भरले. झाकण सैल असावे, नवीन रबर बसवले. हिच्या पदरालाही थिनरचा वास येत होता. कपडे गोठ्याच्या दोरीवर वाळत घालत जाऊ नको, असे सांगितले. बरं, म्हणाली.

३ जानेवारी २००३, शुक्रवार

'ब'ला तीच मापे लावली. मुद्दाम संध्याकाळी मारला, शेवटी मुद्दाम दिवाही बंद केला. दोन दिवस झाकून ठेवला, जवळ गेलो नाही.

आज उघडला. चारही कडांना ओघळ.

७ जानेवारी, मंगळवार

पुन्हा केले, पुन्हा तेच. आणखी एकदा घासला तर आतल्या थराचा लालसर रंग डोकावेल. म्हणजे आता 'ब'वर एकदाच मारता येईल.

तीच गन, तेच लॅकर, तोच माणूस. मग 'अ' कसा झाला? हा प्रश्न डोक्यातून जात नाही. जेवताना हिला विचारले की मी पुण्याला होतो तेव्हा थंडी किती होती. म्हणाली, "व्हती तेवढीच."

आता पुण्याची मशीन घ्यावीच लागेल. म्हशीचे बोललो. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली, मग पुन्हा थापू लागली.

१० जानेवारी, शुक्रवार

पुण्याला फोन करायचा होता. बूथपर्यंत गेलो आणि परत आलो. सोमवारी करीन. बेल्ह्याचा बाजारही सोमवारीच आहे.

वाटेत बाळासाहेब भेटले. म्हणाले, "एक बोर्ड लई झकास झालाय म्हंत्यात. पर जोडी पायजे, गेणूभाऊ." फाट्यावरच्या दुकानदाराला त्यांनी दोन बोर्ड बाजूला ठेवायला सांगितले आहेत. त्यांचेही चूक नाही.

१२ जानेवारी, रविवार

आज जे घडले ते नीट क्रमाने लिहितो.

सकाळी बागेत औषध मारायचे होते. आमच्याकडे मोठ्या पंपाची नळी असते तेव्हा पंपाजवळ मी असतो आणि गन ही धरते. दाब सांभाळणे जबाबदारीचे काम, म्हणून माझ्याकडे. पंधरा वर्षे अशीच वाटणी आहे. पंधरा वर्षे मी काट्याकडे बघतो आहे, गनकडे कधी बघितलेच नाही.

आज काटा अडकला होता, म्हणून फवारा बघून दाब ठरवावा लागला, आणि मी तिच्याकडे बघू लागलो. ती ओळीने चालत होती. हात मनगटातून वळत नव्हता, खांद्यापासून सगळा सरकत होता, वेलीपासून अंतर कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. आणि ओळीच्या टोकाशी हात थांबत नव्हता. आधी बोट गनच्या घोड्यावरून सुटे, फवारा बंद होई, हात रिकामाच पुढे जाई, वळे, आणि परत येताना हात सुरू झाल्यावर मगच फवारा सुरू होई. एकदा नाही, प्रत्येक ओळीला. पानावरून थेंब ओघळत नव्हता.

मी पंप बंद केला. तिला वाटले डिझेल संपले.

मी जवळ गेलो आणि विचारले, "'अ' बोर्ड कुणी मारला?"

तिने तोंडावरचा फडका खाली केला. म्हणाली, "म्हशीला बाजार दाखवायच्या आधी इचारलंत, बरं झालं."

मी पुण्याला गेल्यावर तिने बोर्ड बघितला होता. त्यावर खड्डे आणि ओघळ होतेच. तिने तो घासला, शनिवारी दुपारी वीज आल्यावर फवारला आणि परत झाकून ठेवला. माझी मापे तिने वापरलीच नव्हती. लॅकर जास्त पातळ केले, दाब कमी केला. किती कमी, तर "कानाला बरा लागंल येवढा."

मी म्हणालो, मग मला सांगितले का नाही. दोन आठवडे मी डोके फोडतो आहे.

"सांगितलं व्हतं की दारात हुभं ऱ्हाऊन. तुमी मिलिमीटर सांगितला." मग म्हणाली, "आन् सांगितलं असतं तर हात लावू दिला असता का?"

खोटे कशाला लिहू. दिला नसता.

उरलेल्या सहा ओळी मारून घेतल्या. राग होता, पण तिचा नव्हता. इतकी मापे काढली आणि हात मोजायचा राहिला, त्याचा होता.

१३ जानेवारी, सोमवार

बाजाराला गेलो नाही. फोनही केला नाही.

सकाळी दहाला, दव उडाल्यावर, तिला म्हणालो की 'ब' तू मार. ती म्हणाली, "आन् बिघडला तर?" मी म्हणालो, "तर फाट्यावरचं बोर्ड हायेतच."

मी कॉम्प्रेसरजवळ बसलो. ती म्हणाली कमी करा, मी केला. अजून कमी. काट्यावर सव्वीस पौंड होते, माझ्या हिशेबात त्या दाबाला काहीच नीट बसायला नको होते. लॅकर पेल्यात मोजले, सतरा सेकंद. पेला बाजूला ठेवला. गन तिला जड होत होती, मधेमधे डाव्या हाताचा आधार घेई, पण वेग बदलला नाही. पहिला हात उभा, दुसरा आडवा. एकूण नऊ मिनिटे.

खोलीबाहेर येऊन ती बराच वेळ खोकली. तिच्या तोंडाला साधा फडका होता. माझ्याकडे भुशासाठी मास्क आहे, तो खिळ्याला टांगलेला होता, आणि तिला द्यावा हे मला सुचले नाही. तो तरी थिनरला कितीसा चालतो. आज खोलीची मागची खिडकी काढून जाळी बसवली. आडवा वारा लागतो आता.

१५ जानेवारी, बुधवार

'ब' उघडला. साडेतीन. पाच वेळा मारून बघितला, पाचही वेळा साडेतीन. दोन्ही बोर्ड शेजारी ठेवले आणि खडूची अक्षरे पुसली. आता मलाही ओळखू येत नाहीत.

१९ जानेवारी, रविवार

कमिटी आली. बाळासाहेब आणि चार जण. आधी बोटे फिरवली, मग स्ट्रायकर मारले, मग दोन डाव तिथेच बसून खेळले. बाळासाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "गेणूभाऊ, हात हाय राव तुझा."

ही तेव्हा चहा घेऊन आली होती. कप ठेवून आत गेली.

माठातल्या नळीचे सांगितले, बाटलीचे सांगितले, पेल्यातल्या सेकंदांचे सांगितले. सगळे खरे होते. मुख्य तेवढे राहिले.

२३ जानेवारी, गुरुवार

रखमाजीची स्टुले दिली. त्यानेही विचारले, आरशासारखा हात कसा बसवलास. म्हणालो, नंतर सांगतो.

२६ जानेवारी, रविवार

शाळेच्या मैदानावर मांडव. सकाळी झेंडा, मग स्पर्धा. उपांत्य सामने दोन्ही बोर्डांवर झाले, कोणी बोर्ड बदलून मागितला नाही. अंतिम सामना खोडद आणि आळ्याच्या पोरांत. शेवटच्या डावात क्वीन डाव्या कोपऱ्याजवळ चिकटून होती. खोडदच्या पोराने लांबून हलक्या हाताने स्ट्रायकर सोडला. मागच्या वर्षी असाच फटका अडखळला होता. मी उभा राहिलो. स्ट्रायकर सरळ गेला, क्वीनला टेकला, क्वीन आत.

बक्षीस देताना बाळासाहेबांनी मला पुढे बोलावले. माइकवर म्हणाले की दुकानातल्यापेक्षा सरस बोर्ड आपल्या पिंपरी पेंढारमध्ये झाले, आता गेणूभाऊंनी ही किमया सांगावी. माइक हातात दिला.

सांगायला माझ्याकडे नेहमी पुष्कळ असते. माठ, बाटली, पेला, सगळे जिभेवर होते. पण मी म्हणालो, "लाकूड माझं हाय. रंग माझा न्हाई. रंग इंद्रायणीनं मारलाय."

निम्म्या गावाला तिचे नावच ठाऊक नव्हते. लग्नाला बावीस वर्षे झाली, लग्नात उखाण्यात घेतले होते त्यानंतर ते नाव माझ्या तोंडून चारचौघांत निघालेले नाही. या वहीतही कुठे नाही, आता मागे जाऊन बघितले.

मग रखमाजी मागून ओरडला, "माइकवर न्हाई चालत. उखाण्यात घ्या." सारा मांडव हसला. बायकांच्या बाजूला जास्त हसू होते. मला उखाणा काही सुचला नाही. मी पुन्हा म्हणालो, "इंद्रायणीनं. दोन्ही बोर्ड." आणि खाली उतरलो.

ती मैदानावर आलेली नव्हती, पण कर्णा आमच्या गोठ्यापर्यंत ऐकू येतो. घरी गेलो तर म्हशीची धार काढत होती. वर न बघता म्हणाली, "साऱ्या गावात नाव पुकारलं. लंकाबाई आत्ता हाका मारून गेली, नाव घेऊन घेऊन."

मी म्हणालो, चुकले का.

धार चालू होती. मग तिने विचारले, "अडकला का कुठं?"

"न्हाई."

"एकदाबी?"

"एकदाबी न्हाई."

"खालच्या बाजूला मला जरा शंका व्हती," ती म्हणाली आणि कासंडी माझ्या हातात दिली.

३० जानेवारी, गुरुवार

चार बोर्डांची मागणी आली. दोन खोडदहून, एक आळ्याहून, एक बाळासाहेबांच्या मेहुण्याची. रखमाजी त्याचा कॉम्प्रेसर आमच्याकडेच ठेवा म्हणतो. त्याच्या स्टुलांवर गिऱ्हाइके बसू लागली आहेत, ती स्टुले आता त्याला रंगवून हवीत. गन मात्र रंगवाल्याला परत द्यायची आहे.

पुण्याच्या टर्बाइनचा विचार मी पुन्हा एकदा केला. तिला विचारले. म्हणाली, "तिला वजन किती?" ते मी अर्ध्या तासाच्या प्रश्नांत विचारलेच नव्हते.

१ फेब्रुवारी, शनिवार

आम्ही दोघे नारायणगावला गेलो. औषधे सोडून दुसऱ्या कशाच्या दुकानात आम्ही एकत्र गेल्याचे आठवत नाही. आधी थिनरचा वास अडवणारा, दोन डब्यांचा मास्क घेतला. मग गन.

दुकानदाराने तीन गन काढून माझ्यापुढे मांडल्या आणि पहिलीची तारीफ सुरू केली. परदेशी नॉझल, लिटरचा कप, कारखान्यात हीच जाते. मी ती उचलून इंद्रायणीच्या हातात दिली. तिने हात लांब करून दोनदा हवेत फिरवली आणि ठेवली. दुसरीचा घोडा दाबला, बोट पुरेना. तिसरी लहान, कप वरच्या बाजूला, पाव लिटरचा. ती तिने बराच वेळ धरली. खांद्यापासून हात सरकवला, टोकाशी बोट सोडले, हात पुढे नेला, वळवला. मग कप काढून परत लावला आणि पुन्हा एकदा फिरवली.

दुकानदार माझ्या तोंडाकडे बघत होता. म्हणाला, "काय मग, पावणं, पसंत हाय का?"

मी म्हणालो, "माझ्याकडं काय बघता? गिऱ्हाईक त्या हायेत."